येतो म्हणून गेलेल्यांची कुत्री

कुत्र्यानं मान तिरकी केली की लोक मोबाईल काढतात. हल्ली माणूस मेलं तरी काढतात, तेव्हा त्यात नवल नाही. पण कुत्रं फोटोसाठी मान तिरकी करत नाही, एवढं मला ठाऊक आहे. कशासाठी करतं ते नक्की ठाऊक नाही. आमच्याकडे कुत्री तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं.

यंदा गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या वहिनी म्हणाल्या, "हौसाबाई, इतकी वर्षं कुत्र्यांत काढलीत, आपल्या अंकात लिहा की. ती मान वाकडी का करतात ते लिहा. मुलांना आवडेल. काहीतरी गोड लिहा."

मी चौथी शिकलेली. मला लिहिता येतं, गोड लिहिता येत नाही. वेलांट्या सुनेनं बघितल्यात, बाकी सगळं माझं.

आमचे हे फौजेत शिपाई होते, सातारा भागातले. बदली होत होत लखनौला आले, सुटल्यावर तेलीबागेत जागा घेतली, आणि परत जायचं राहून गेलं. हे वारले तेव्हा माझे हातपाय चालत होते. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा काम बरं म्हणून तिवारीजींकडे गेले. तिवारीजी फौजेत जनावरांच्या दवाखान्यात होते. पेन्शनीत आल्यावर रायबरेली रोडच्या आतल्या अंगाला त्यांनी कुत्र्यांचं हॉस्टेल काढलं. दोन हजार सालानंतर लखनौत जो तो कुत्रं पाळायला लागला होता, आणि जो तो गावालाही जायला लागला होता. मग कुत्र्याचं काय करायचं? ते आमच्याकडे यायचं. जाळीची खोली, खाली गोणपाट, सकाळ-संध्याकाळ फिरणं, खाणं, धुणं, गोचिडी काढणं. एवढंच काम. मला कुत्र्यांची आवड नव्हती. आवड असलेली बाई तिथे टिकली नसती. एक आली होती, पहिल्याच आठवड्यात रडत घरी गेली.

लोक कुत्र्याबरोबर त्याची वाटी आणायचे, चादर आणायचे, कुणी आपलं अंगातलं बनियन ठेवून जायचे, वासासाठी. मी आणखी एक गोष्ट मागून घ्यायची. शब्द.

"इसको घर में क्या-क्या बोलते हो?" असं विचारायची.

लोक हसायचे. मग लाजत लाजत सांगायचे. फिरायला नेण्याला कुणी 'वॉक' म्हणायचं, कुणी 'घुम्मी', कुणी 'सैर'. दूधभाताला 'मम्मम'. मोठमोठे मिशीवाले साहेब मला कानात सांगायचे, "आंटी, निन्नी बोलना पड़ता है, तब सोता है." मी ते शब्द डोक्यात ठेवायची. अनोळखी जागी कुत्रं घाबरून कोपऱ्यात बसलेलं असतं. त्याच्या घरचा शब्द उच्चारला की ते थांबतं, मान एका अंगाला टाकतं आणि बघतं. म्हणजे, हे तुला कसं माहीत? तिथून ते खायला लागतं.

ह्या कामात मी माझ्यापुरता एक नियम केला होता. जो शब्द पाळता येणार नाही तो तोंडातून काढायचा नाही. फिरायला म्हटलं तर पाऊस असो की ऊन, फिरवायचं. आणि 'घरी' हा शब्द फाटकाच्या आत बंद. तिवारीजी चहाला बसले की सहज म्हणायचे, "चलो, अब घर चलें." की चारी बाजूंच्या जाळ्यांतून माना तिरक्या व्हायच्या. मी त्यांना रागवायची. मालक असले म्हणून काय झालं.

गमतीही व्हायच्या. जुन्या चौक भागातल्या एक म्हाताऱ्या बेगमसाहिबा आपला पांढरा, केसाळ कुत्रा ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "इनसे तू-तड़ाक मत कीजिएगा, बुरा मान जाते हैं." मी म्हटलं, बघू. वाटी पुढे सरकवली, "चल, खा." त्यानं माझ्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मराठीत प्रयत्न केला, "अहो, जेवता का?" आमच्या ह्यांच्यानंतर 'अहो' म्हटलं ते त्या कुत्र्यालाच. उपयोग झाला नाही. शेवटी तिवारीजींनी कुणी बघत नाही ना ते बघितलं, आणि वाकून म्हणाले, "हुज़ूर, खाना नोश फ़रमाइए." कुत्र्यानं मान तिरकी केली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. तिवारीजी म्हणाले, "ताईजी, इतनी इज़्ज़त तो मैंने कर्नल साहब को नहीं दी."

मी चुकायचीही. एक बॉक्सर कुत्रा रोज दुपारी मान वाकडी करून बसायचा, उजवीकडेच. मी सगळ्यांना सांगितलं, कान पिकलाय. तसं असतं. कानात आत दुखणं झालं की मान वाकडी होते ती वाकडीच राहते, कुत्र्याचा चालताना तोल जातो, ते खोडीचं किंवा लाडाचं नसतं. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बत्ती लावून दोन्ही कान बघितले आणि म्हणाले, "कान तो आपके-हमारे से साफ हैं." मग तिथेच उकिडवे बसले आणि कुत्र्यानं मान टाकली की स्वतःही टाकायला लागले. कुलरमधून बारीक चूं चूं येत होतं. कुलरच्या गवतात उंदरीण व्याली होती.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं ते इथे सांगते, म्हणजे वहिनींचं काम होईल. एक म्हणजे आवाज कुठून येतो ते नेमकं कळावं म्हणून कुत्रं कान वरखाली करतं. दुसरं, त्याचं लांब तोंड त्याच्याच डोळ्यांच्या आड येतं. आपल्या नाकासमोर मूठ धरून कुणाकडे बघा, त्याचं तोंड दिसायचं नाही. मान तिरकी करा, दिसेल. कुत्र्याला आपलं तोंड बघायचं असतं. तिसरं, ओळखीचा शब्द ऐकला की तो कशाचा हे ते आठवत असावं. चौथं, मान वाकडी केली की लोक लाड करतात, बिस्कीट देतात, म्हणूनही काही कुत्री करतात. "और पक्का किसी को नहीं मालूम," डॉक्टर म्हणाले.

मला जे वाटतं ते वेगळं आहे. ते दगडूवरून वाटायला लागलं.

दगडू आगाशे सरांचा. सर झाडाझुडपांवर काम करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होते, निवृत्त झाले होते, निशातगंजमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. बायको गेल्यावर त्याच गल्लीतल्या नाल्यातून हे पिल्लू त्यांनी उचलून आणलं. गावठी, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलगा निखिल गुडगावला. लखनौत जन्मलेला, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या पोरांसारखाच, मराठी कळायचं पण उत्तर हिंदीत. सर म्हणायचे, "हौसाबाई, घरात मराठी ऐकून घेणारा आता हा एकटाच. आणि उलट उत्तरही देत नाही."

सर कधी डोळ्यांच्या ऑपरेशनला, कधी पुण्याला बहिणीकडे, असे जायचे तेव्हा दगडू आमच्याकडे असायचा. त्याचे शब्द विचारायची गरज नव्हती. पोळी, फिरायला, बस, उठ, नालायका. माझेच शब्द होते ते. सगळ्या हॉस्टेलात मला मराठी बोलायला तो होता, आणि त्याला मी.

"मागच्या खेपेला ह्याला बिघडवलंत," सर एकदा म्हणाले. "घरी आला तो शिव्या शिकून."

"शिव्या मी तिवारीजींना देत होते, ह्यानं ऐकल्या."

"मग बरोबर. काल खालच्या मजल्यावरच्या तिवारींकडे बघून मान वाकडी करत होता."

त्याला ठेवून निघताना सरांचं एक ठरलेलं होतं. दुसऱ्यांची कुत्री मालक निघाला की गळा काढायची, जाळी ओरबाडायची. मालक लपून मागच्या बाजूनं पळायचे. सर तसं करायचे नाहीत. फाटकात उभे राहायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "दगडू, येतो." आपल्यात जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. सरही घरातून दूध आणायला निघाले तरी त्याला तेवढंच सांगायचे. दगडू मान तिरकी करायचा, पडलेला कान आणखी लोंबायचा. मग वळायचा आणि आपला आपण खोलीत जाऊन बसायचा. रडणं नाही, ओरबाडणं नाही. कारण सर ते म्हणाले की येतात, हे त्यानं लहानपणापासून बघितलेलं होतं. त्यात एकदाही खोट निघाली नव्हती.

एका मार्चमध्ये खालच्या मजल्यावरचे तेच तिवारीभैया ई-रिक्षातून दगडूला घेऊन आले. सर बाथरूममध्ये पडले होते, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. सर शुद्धीवर नव्हते. दगडूला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो फाटकाशी उभा राहिला तो आत येईना. ओढून आणला तर पुन्हा फाटकाशी. खाणं तिथेच, झोपणं तिथेच.

तिवारीजी म्हणाले, "ताईजी, वो सर वाला शब्द आप बोल दो न. चैन से बैठेगा."

"मैं नहीं बोलूँगी. मुझे क्या पता वो आएँगे कि नहीं."

सर आले नाहीत. शुद्धीवर न येताच गेले.

सगळे विधी झाल्यावर निखिल आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, चांगला मुलगा. मला खाली वाकून नमस्कार केला. दगडूनं त्याला हुंगलं, शेपूट हलवली. घरी आलेल्या पाहुण्याला हलवतात तेवढी.

निखिल हिंदीत बोलत होता. "आंटी, मैं ले जाता, सच में. पर बच्ची को साँस की तकलीफ है. डॉक्टर ने कहा है, जानवर बिलकुल नहीं. थोड़ा टाइम दीजिए. वाइफ से बात करता हूँ, कुछ करता हूँ."

मी त्याला म्हटलं, "हे बघ निखिल, नेणार नसशील तर आजच सांग. मी दुसरं घर बघते. कुत्रं चांगलं आहे, जाईल कुठेही."

"नहीं नहीं, आंटी. पापा का है. मैं ले जाऊँगा."

तिवारीजींनी चहा मागवला. तो पिऊन निखिल उठला. मी आणि दगडू फाटकापर्यंत गेलो. निखिलनं फाटकाची कडी काढली, मागे वळला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "येतो."

मुद्दाम नाही म्हणाला. आपल्या पोरांचं सगळं मराठी जातं, पण हा एक शब्द जात नाही. लहानपणी जातो म्हटलं की आईनं पाठीत धपाटा घातलेला असतो. आणि आवाज सरांचा होता. मी इतका वेळ हिंदी ऐकत होते म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. दगडूच्या लगेच आलं.

त्यानं मान तिरकी केली. इतकी की पडलेला कान गळ्याला लागला. निखिलच्या तोंडाकडे बघत राहिला. मग वळला आणि आपल्या खोलीत जाऊन बसला. सर पडले त्या दिवसापासून पहिल्यांदाच.

निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. "देखा आंटी? समझ गया."

मी म्हटलं, "समजलं त्याला. तेच वाईट झालं. आता तुला यावं लागेल."

"आऊँगा आंटी. गर्मी के बाद पक्का."

उन्हाळा गेला. मी फोन करायची. निखिल कधी फोन टाळायचा नाही, हे सांगायला हवं. दर वेळी विचारायचा, कैसा है, खाता है? दर वेळी पुढच्या महिन्यावर जायचं. दगडू मजेत होता. सगळ्यांत शहाणं कुत्रं. प्रत्येक गाडीला उठायचा, मान टाकून ऐकायचा, गाडी दुसऱ्याची निघाली की परत बसायचा. मी संध्याकाळी पिशवी उचलून सवयीनं "येते गं बाई" असं स्वतःशीच म्हणायची, त्यालाही मान टाकायचा. मी सकाळी यायचीच, त्यामुळे त्याचा हिशेब जुळायचा.

शेवटी मी निखिलला न विचारता घर बघितलं. सरोजिनी नगरला हवाई दलातलं एक कुटुंब होतं, नगरकडचं. मुलं मोठी, घराला अंगण. ती बाई त्याच्याशी मराठी बोलली, पोळी म्हणाली, दगडूनं मान वाकडी केली, ती खूश. घेऊन गेले. आठवडा झाला नाही तोच परत आणून दिला. बाई रडत होती. "मावशी, आमचं काही चुकलं नाही हो. हा फाटकाशीच बसतो. खात नाही. दोनदा पळून रस्त्यावर गेला, ट्रकखाली यायचा."

तिचं काही चुकलं नव्हतंच. दगडूला येतो म्हणून सांगून गेलेला माणूस दुसऱ्याच फाटकातून गेला होता. दगडू ह्या फाटकाशी येऊन आपल्या खोलीत गेला, पाणी प्यायला आणि झोपला.

हिवाळा आला. लखनौचा हिवाळा, दुपारपर्यंत धुकं. एका सकाळी मी पोळी घेऊन गेले आणि म्हटलं, "दगडू, पोळी." त्यानं डोळे उचलले. मान सरळ. मला वाटलं, थंडी आहे. दुपारी "फिरायला" म्हटलं. उठला, आला, फिरला, पण मान सरळ. संध्याकाळी मी "येते" म्हटलं आणि थांबून बघितलं. सरळ.

डॉक्टरांनी तपासलं. कान स्वच्छ, ताप नाही, दात बरे. "उमर हो रही है, ताई." उमर काही नव्हती. सात-आठ वर्षांचा असेल.

मला वाटतं ते हे. मान तिरकी करणं म्हणजे कुत्र्यानं विचारणं आहे. काय म्हणालात? खरं का? कधी? ज्याला अजून उत्तर मिळेल असं वाटतं ते विचारतं. खाणं सोडलेली कुत्री मी परत खाताना पाहिली आहेत. जाळी चावून दात पाडलेली कुत्री शांत झालेली पाहिली आहेत. पण मान तिरकी करायचं सोडलेलं कुत्रं परत करायला लागलं, असं मी पाहिलं नाही. दगडूच्या आधीही अशी दोन-तीन होऊन गेली असतील. तेव्हा मला वाटायचं, वळण लागलं, शांत झालं.

त्या थंडीतच निखिल आला. खरंच आला. गाडी घेऊन, नवा पट्टा घेऊन. मुलीला बरं होतं, बायको तयार झाली होती. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन शिव्या दिल्या. तो हसला. खोलीशी गेला, खाली बसला, आणि चक्क मराठीत बोलला. गाडीत घोकत आला असावा.

"दगडू. चल. घरी जाऊ या."

दगडूनं त्याच्याकडे बघितलं. भिंतीकडे बघतात तसं. शेपटीचं टोक हललं, तेवढंच. निखिलनं पुन्हा म्हटलं. पोळी म्हटलं, फिरायला म्हटलं, बापाचे होते नव्हते ते सगळे शब्द म्हणून झाले. मान सरळ.

"भूल गया मुझे," निखिल म्हणाला.

"भूला नहीं," मी म्हटलं. "पट्टा घाल आणि ने. येईल तो."

"नहीं आंटी, देखिए न, पहचान ही नहीं रहा. वहाँ आठवीं मंज़िल पर बंद फ्लैट में... यहाँ इसका सब कुछ है. आप हैं. इसको यहीं अच्छा लगता है शायद."

हे बोलताना त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. ओझं उतरवलेल्या हमालाचा होतो तसा. मला त्याचा राग आला नाही. बापाचा आवाज घेऊन जन्मभर बापाच्या कुत्र्यासमोर राहायचं, ते काही सोपं नसेल. पण त्याला जे विसरणं वाटलं ते विसरणं नव्हतं, आणि ते पटवून द्यायला माझ्याकडे डॉक्टरांचा कागद नव्हता. मी पुन्हा म्हटलं, ने. तिवारीजींनीही म्हटलं. त्यानं नवा पट्टा जाळीला अडकवून ठेवला.

फाटकाशी येऊन तो वळला. ओठ हलले. मला कळलं काय येतंय ते.

"ते म्हणू नकोस," मी म्हटलं. "जातो म्हण."

"आंटी, ऐसा नहीं बोलते. आई कहती थीं..."

"मला माहीत आहे काय म्हणत नाहीत ते. तरी म्हण. त्याला एकदा कळू दे."

त्याला तो शब्द म्हणता येईना. मग जातो नाही, येतो नाही, तसाच गाडीत बसला आणि गेला. दगडू खोलीच्या दारात बसला होता. त्यानं गाडीकडे बघितलंही नाही.

होळीच्या आधी तो मेला. काही दुखलं-खुपलं नाही, सकाळी उठला नाही, एवढंच. मागच्या लिंबाखाली पुरला. नवा पट्टा त्याच्याबरोबर ठेवू का, असं तिवारीजींनी विचारलं. मी म्हटलं, ठेवू नका, तो त्याचा नाही.

पुढे तिवारीजी थकले, जागा विकली, तिथे आता फ्लॅट आहेत. माझे गुडघे गेले. मी घरी असते. सून बाजारात निघाली की दारातून सांगते, "आई, येते हं." मी मान वर करत नाही. मी निघाले तर जाते म्हणते. सून कळवळून सांगते, असं बोलू नये, घराला चांगलं नसतं. मी तिला काही समजावत बसत नाही. चप्पल घालते आणि जाते.